गाण्याचा धनी सांगणाऱ्या हॅलिनाताई

हॅलिनाताई पहिल्यांदा भेटल्या तेव्हा त्या तक्रार करायला आल्या आहेत, अशी माझी ठाम समजूत झाली होती. दुबईच्या ऊद मेथा भागातल्या एका शाळेच्या वर्गात आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाची तालीम होती. गाणारी मंडळी अजून पार्किंग शोधत होती, म्हणून मी एकटाच पेटीवर यमनचे सूर घोळवत बसलो होतो. तेवढ्यात दारात एक उंच, पिकल्या केसांच्या गोऱ्या बाई येऊन उभ्या राहिल्या. शेजारच्या हॉलमध्ये त्यांच्या शाळेतल्या मुलांचं समूहगान चाललं होतं. आपल्या आवाजाचा त्यांना त्रास झाला असणार असं वाटून मी पटकन भाता बंद केला आणि "सॉरी मॅडम" म्हणून मोकळा झालो. माझी मुलगी सई तेव्हा दहा वर्षांची होती. ती वहीतून मान वर न काढता म्हणाली, "बाबा, शी इज नॉट कंप्लेनिंग. शी इज सिंगिंग."

आणि खरंच त्या गात होत्या. शब्द कळत नव्हते, पण मी अर्ध्यावर सोडलेला तीव्र मध्यम त्यांनी नेमका उचलला होता. त्यांनी मला तो सूर पुन्हा वाजवायला लावला. पोलंडच्या दक्षिणेकडच्या डोंगरात, त्यांच्या आईच्या गावी, जवळपास प्रत्येक गाणं याच सुरावरून वर चढतं, असं त्यांनी सांगितलं. "तुमच्याकडे याला काय म्हणतात? आणि तुम्ही हा कोणाकडून शिकलात?" असे दोन प्रश्न त्यांनी विचारले. मी सुराचं नाव सांगितलं आणि माझ्या पेटीच्या मास्तरांचंही सांगितलं. त्यांनी पिशवीतून वही काढून दोन्ही लिहून घेतलं. सुराचं ठीक आहे, पण माझ्या मास्तरांचं नाव या बाईंना कशाला हवं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

हॅलिनाताईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात पोलिश, इंग्रजी, अरबी आणि तगालोग भाषेत त्यांच्याविषयी लिहिणारे माझ्याहून मोठे लोक आहेत. मराठीची बाजू माझ्याकडे आली, याचं कारण एवढंच, की गेली नऊ वर्षं मी त्यांच्या साथीला पेटी वाजवतो. माझा पोटापाण्याचा धंदा बांधकाम कंपनीत वेळापत्रकं आखण्याचा आहे. त्यामुळे हा लेख थोडा वेळापत्रकासारखा झाला तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. आमचं बोलणं इंग्रजीत होतं. इथे ते मी मराठीत लिहितो आहे, आणि ज्यांचं वय आणि अधिकार माझ्याहून मोठा आहे त्यांना मी मराठीत ताईच म्हणणार.

ताई या देशात आल्या त्या तिशीत, एका हॉटेलात जॅझ गाण्यासाठी. जॅझ म्हणजे काय, हे मला अजून नीट सांगता येत नाही. ठरलेली चाल असते, पण तिच्याभोवती ऐनवेळी सुचेल तसं फिरायचं असतं, आणि फिरून वेळेवर घरी यायचं असतं. एवढं कळलं की आपल्याकडच्या माणसाला पुढचं आपोआप कळतं. बरीच वर्षं त्या हॉटेलात लोकांच्या फर्माइशी गायल्या. मग अबू धाबीतल्या एका शाळेत संगीत शिकवायला लागल्या, आणि स्वतःची गाणी लिहू लागल्या त्या चाळिशीनंतर. त्या गाण्यांतले शब्द त्यांचे, इंग्रजीतले आणि अगदी रोजच्या जगण्यातले: व्हिसाच्या रांगेत भेटलेली बाई, एसीच्या आवाजात न लागणारी झोप, आईचा फोन. मध्येच मात्र त्या पोलिशमध्ये जातात, गळा पूर्ण उघडतात आणि डोंगरातली हाक घालतात. पहिल्यांदा ऐकताना माणूस दचकतो, हे मी स्वानुभवाने सांगतो.

अबू धाबीच्या खलिफा सिटीतल्या त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत शनिवारी सकाळी आमची तालीम असते. आम्ही तिघंच. ताई, डबल बास वाजवणारा रोमेल, आणि मी. रोमेल फिलिपिन्सचा आहे, आठवडाभर विमानतळावर सामानाच्या विभागात काम करतो आणि शनिवारी स्वतःपेक्षा उंच ते तंतुवाद्य उचलून आणतो. मी शारजाच्या अल नहदामधून निघतो, म्हणजे जाऊन-येऊन अर्धा दिवस गाडीतच जातो. माझी बायको मेधा सुरुवातीला म्हणायची, "ऑफिसला जाताना एवढा उत्साह कधी दिसला नाही तुझा." ते खरंच होतं.

त्यांच्याकडे शिकायला किंवा वाजवायला येणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट करावी लागते. घरून एक ओळ आणायची. पुस्तकातली नको, रेडिओवरची नको. घरात, अंगणात, कामावर कोणाच्या तरी तोंडून ऐकलेली हवी. ती कोणाची, हेही सांगायचं. रोमेलने त्याच्या आईची होडीतल्या मासळीसाठी गिऱ्हाइकांना बोलावण्याची हाळी आणली होती. मी तीन शनिवार टाळाटाळ केली. आमच्या घरी कोणी गात नसे, असं सांगून पाहिलं. चौथ्या शनिवारी ताई म्हणाल्या, "गाणं नसेल तर आवाज सांगा. तुमचे वडील काम करताना तोंडाने काय करायचे?"

इथेच घोडं पेंड खात होतं. माझे वडील, अण्णा, सोलापूर जिल्ह्यातल्या एका बाजारात मापाडी होते. धान्याच्या राशीपाशी बसून मापाने धान्य मोजायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. मोजणारा पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. आणि आकडा एकदा म्हणून सोडूनही देत नाही, पुढचं माप भरेपर्यंत तोच आकडा सुरात घोळवत राहतो, नाहीतर मोजणी चुकते आणि सगळी रास पुन्हा मोजावी लागते. लहानपणी मी शाळेतून येताना बाजाराच्या कमानीपासूनच मला अण्णांचा आवाज ओळखू यायचा. पण दुबईत आल्यावर, नव्या ओळखीत, वडील काय करायचे असं कोणी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून गेलं, "धान्याचा व्यवसाय होता." एकदा गेलं ते गेलं. पुढच्या माणसाने त्याची आडत केली, त्याच्या पुढच्याने पेढी केली, आणि मी कोणालाच थांबवलं नाही.

ताईंना मात्र मी खरं सांगितलं. त्या पोलंडच्या, त्यांना मापाडी काय आणि आडत्या काय, असा माझा हिशेब होता. मी अण्णांची मोजणी जमेल तशी म्हणून दाखवली. त्या ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "माझी आई संध्याकाळी मेंढ्या मोजायची. दुसऱ्या डोंगरावरच्या बाईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने." त्यातून दोन महिन्यांत त्यांनी एक गाणं केलं. त्यात एक बाई उतारावर मेंढ्या मोजते आहे, दूर दुसऱ्या देशात एक माणूस धान्य मोजतो आहे, आणि दोघांचीही मुलं गाव सोडून गेल्यामुळे मोजणीत कोणीतरी कायम कमी भरतं आहे. मेंढ्यांची हाक त्या गातात, मापाची मोजणी मी पेटीवर धरतो आणि हळू म्हणतो. आम्ही त्या गाण्याला आपसात 'मोजणी'च म्हणतो. रोमेलला तर ती इतकी आवडली, की कुठलंही गाणं सुरू करताना तो 'वन, टू, थ्री' म्हणायचं सोडून 'लाभ, दोन, तीन' म्हणू लागला.

ताईंचं एक तत्त्व त्यांच्याबरोबर वाजवलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. प्रत्येक गाण्याआधी त्या त्याचा धनी सांगतात. ही ओळ अमुकच्या आईची, ही चाल तमुक गावच्या लोहाराची, असं नावानिशी. ज्या हॉटेलात त्या वर्षानुवर्षं गात होत्या तिथल्या नव्या मॅनेजरने एकदा सांगितलं, की पाहुण्यांना या नावांमध्ये रस नाही, सरळ गाणी म्हणा. ताईंनी ती संध्याकाळ ठरल्याप्रमाणे पूर्ण केली, माइक जागेवर ठेवला, "खलास" म्हणाल्या आणि पुन्हा तिथे गायल्या नाहीत. हे मला रोमेलने सांगितलं, स्वतः ताई या गोष्टीचा उल्लेखही करत नाहीत.

त्यांच्या मायेविषयीही लिहायला हवं. मेधाचं ऑपरेशन झालं तेव्हा ताई चार दिवस रोज खलिफा सिटीहून शारजाला बिटाचं सूप घेऊन येत होत्या. ते सूप आम्हाला कोणालाच आवडलं नाही आणि आम्ही ते रोज संपवलं. सई बारावीत सगळ्यांशी बोलायची बंद झाली होती, तेव्हा तिला त्यांनी काहीही न विचारता दर शनिवारी वाद्यांच्या तारा बदलायच्या कामाला लावलं. दोन महिन्यांनी ती गाडीत आपणहून बोलू लागली, तेही मराठीत सुरुवात करून.

आता गेल्या वर्षीच्या हिवाळ्याबद्दल. ताईंच्या स्वतःच्या गाण्यांचा पूर्ण कार्यक्रम ऊद मेथातल्या एका सभागृहात ठरला होता आणि तिकिटं आमच्या मंडळातल्या लोकांनीही घेतली होती. म्हणजे ज्यांना मी 'धान्याचा व्यवसाय' सांगितला होता ती सगळी मंडळी. भरीला अण्णा ऐंशीव्या वर्षी पहिल्यांदाच व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आले होते. ताई स्टेजवरून धनी सांगणार, मापाडी म्हणजे काय ते समजावूनही सांगणार, आणि पहिल्या रांगेत सगळे बसलेले. कार्यक्रमाच्या दोन आठवडे आधी मी ताईंना गाडीपाशी गाठलं आणि म्हणालो, की या एका गाण्याला फक्त 'महाराष्ट्रातली पारंपरिक मोजणी' असं म्हणावं, नाव नको.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "ठीक आहे. मग ते गाणं मी काढते. धन्याशिवाय मला ते गाता येणार नाही." मी म्हणालो, ते तुमचं सर्वांत चांगलं गाणं आहे. "हो," त्या म्हणाल्या, "आहे." मग जरा थांबून त्यांनी मला त्यांची गोष्ट सांगितली. शहरातल्या संगीतशाळेत त्यांच्या बाईंनी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की हा धनगरी गळा इथे चालणार नाही. त्यांनी तो बदलला. वर्गात सांगितलं, की आई शिक्षिका आहे. आई एकदा चीजचं गाठोडं घेऊन त्यांना भेटायला आली, तेव्हा त्यांनी मैत्रिणींना तिची ओळख 'गावाकडची बाई' अशी करून दिली. आईने ऐकलं, मान हलवली आणि चीज ठेवून गेली. "ती जिवंत असताना मी तिचं नाव एकाही स्टेजवर घेतलं नाही," ताई म्हणाल्या. "तुम्ही काय करायचं ते मी सांगणार नाही, श्रीकांत. मी फक्त गाणं काढते." आणि त्यांनी यादीतून ते गाणं खरोखर काढलं.

पुढच्या शनिवारी मेधाला सुट्टी नव्हती आणि अण्णांना घरी एकटं ठेवायला नको, म्हणून मी त्यांना तालमीला घेऊन गेलो. ताईंनी त्यांना सर्वांत चांगली खुर्ची दिली, चहा दिला आणि स्वतःच्या गावच्या पद्धतीची खारवलेली काकडी दिली. अण्णांना काकडी फार आवडली. ताईंनी गाण्याचा विषय काढला नाही, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दिलेला शब्द पाळणं म्हणजे काय, ते मी त्या सकाळी पाहिलं.

पण रोमेलला यातलं काहीच माहीत नव्हतं. ताई म्हणाल्या, "यल्ला," म्हणजे चला, आणि त्याने दुसऱ्याच कुठल्या गाण्यासाठी सवयीने सुरुवात करून दिली, "लाभ, दोन, तीन."

अण्णांच्या हातातली काकडी तशीच राहिली. "ह्यांना हे कुणी शिकवलं रं?" त्यांनी विचारलं.

मला खोटं सुचलं नाही असं नाही. एक-दोन सुचली. पण ताई पेटीच्या पलीकडे उभ्या होत्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मी म्हणालो, "मी शिकवलं, अण्णा. तुमचंच आहे. ताईंनी त्याचं गाणं केलंय."

अण्णा काकडी बशीत ठेवून रोमेलकडे बघत म्हणाले, "त्याला सांग, आकडा असा टाकून द्यायचा नसतो. माप ओतून होईस्तोवर तोंडात धरायचा." आणि त्यांनी खुर्चीतच जरा पुढे सरकून म्हणून दाखवलं, दोन्ही हातांनी नसलेलं माप भरत. आवाज पार थकला होता, पण सूर जागेवर होता. बारा-तेरापर्यंत गेले आणि दम लागला म्हणून थांबले. रोमेलने बासवर एक सूर धरून ठेवला होता, तो त्याने हळूच सोडला.

ताई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "त्यांना विचारा, मी गाऊ का? नाही म्हणाले तर नाही."

मी विचारलं. अण्णा म्हणाले, "माझी काय हरकत? पण तुझं काय? तू इथं लोकांना मी व्यापारी म्हणून सांगितलंयस ना."

ते अगदी साध्या आवाजात पुढे म्हणाले, "परवा जेवायला गेलो नव्हतो का, तिथं त्या गृहस्थांनी विचारलं, आडत कुठं होती तुमची म्हणून. म्हटलं, होती बाजारात, कमानीजवळ. उगाच तुझी मान खाली नको." मग काळजीने त्यांनी विचारलं, "बरोबर सांगितलं ना?"

मला रडू आलं, हे लिहायला मला आता संकोच वाटत नाही. अण्णांनी उभ्या आयुष्यात एक माप खोटं मोजलं नव्हतं. ते परक्या देशात, परक्या माणसाच्या जेवणाच्या टेबलावर माझ्यासाठी खोटं बोलून आले होते, आणि ते नीट जमलं की नाही याची त्यांना काळजी होती. मी ताईंना सगळं इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला, पण मध्येच थांबलो. त्या म्हणाल्या, "कळलं मला. शब्द कळले नाहीत, पण कळलं." आणि त्यांनी अण्णांच्या समोर जमिनीवर बसून त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. अण्णा संकोचून मला म्हणाले, "बाईंना वर बसायला सांग."

कार्यक्रमात ते गाणं शेवटून दुसरं होतं. ताईंनी प्रत्येक गाण्याचा धनी स्वतः सांगितला. या गाण्याला मात्र त्यांनी माइक माझ्यासमोर आणून ठेवला आणि बाजूला झाल्या. मी म्हणालो, "ही मोजणी माझ्या वडिलांची आहे. रामभाऊ त्यांचं नाव. ते मापाडी होते. धान्याचा व्यापार आमचा कधीच नव्हता, ते मी खोटं सांगत होतो. अण्णा समोर बसले आहेत." सभागृहाचं छत कोसळलं नाही. एरवी मध्यंतरात वडे मिळणार की नाही याची चौकशी करणाऱ्या मंडळींनी मन लावून गाणं ऐकलं. ज्यांच्या घरी जेवलो होतो ते गृहस्थ नंतर अण्णांपाशी येऊन बसले आणि मापं किती प्रकारची असायची, ते विचारत राहिले. अण्णांना एवढं बोलताना मी कितीतरी वर्षांनी पाहत होतो.

निघताना अण्णांनी मला ताईंकडे नेलं आणि म्हणाले, "त्यांना विचार, आईचं नाव काय तुमच्या." मी विचारलं. ताईंनी सांगितलं, "झोफ्या." अण्णांनी ते दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं, नीट बसेपर्यंत. मग मान डोलावून म्हणाले, "झोफ्याबाईंची मुलगी चांगली गाते म्हणावं." मी भाषांतर केलं.

या ग्रंथाच्या संपादकांनी लेखाबरोबर लेखकाचा दोन ओळींत परिचय मागितला आहे. पदवी, हुद्दा, वास्तव्य असं मी आधी लिहून ठेवलं होतं. काल गावी फोन केला तेव्हा अण्णांना विचारलं, काय लिहू. ते म्हणाले, "सत्कार त्या बाईंचा आहे, तिथं माझं नाव कशाला?" आयुष्यात प्रथमच त्यांचं न ऐकल्याचं मला समाधान आहे. ताई, साठीनंतरची तुमची वर्षं निरोगी असोत, गळा असाच उघडा राहो, आणि तुमच्या खोलीत घरची ओळ घेऊन येणारी माणसं कधी कमी न होवोत, ही आम्हा सर्वांची मनापासूनची इच्छा. परिचयाच्या दोन ओळी मी नव्याने लिहून पाठवल्या आहेत: श्रीकांत, रामभाऊ मापाडी यांचा मुलगा. हॅलिनाताईंच्या साथीला पेटी वाजवतो.